१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली ३६० केबीची फ्लॉपी जुन्या ड्राइव्हला का वाचता येत नाही?

प्रश्न:
घरच्या दुकानाचे जुने हिशेब सव्वापाच इंची, ३६० केबीच्या फ्लॉप्यांवर आहेत. १.२ एमबीचा ड्राइव्ह त्या विनातक्रार वाचतो. मात्र त्याच ड्राइव्हमध्ये एखादी फाइल दुरुस्त करून साठवली, की ३६० केबीचा मूळ ड्राइव्ह ती वाचताना अडखळतो. जास्त क्षमतेच्या ड्राइव्हला कमी क्षमतेचे काम का जमू नये?

प्रतिसाद १:
अडचण क्षमतेची नसून ट्रॅकच्या, म्हणजे माहिती ज्या गोल पट्ट्यांवर लिहिली जाते त्यांच्या, रुंदीची आहे. ३६० केबीच्या फ्लॉपीवर दर बाजूला ४० ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) असतात, १.२ एमबीमध्ये तेवढ्याच पट्ट्यात ८० ट्रॅक आणि प्रत्येकी १५ सेक्टर बसवलेले असल्याने त्याचे हेडही (वाचणारा-लिहिणारा भाग) साधारण निम्म्या रुंदीचे असते. ते जुन्या रुंद ट्रॅकवर लिहिते तेव्हा नवी माहिती अरुंद पट्टीत उमटते आणि कडेला जुनी तशीच उरते. मूळ ड्राइव्हचे रुंद हेड या दोन्ही एकदम वाचते आणि गोंधळते. म्हणून दुरुस्त केलेल्या फाइली मूळ ड्राइव्हमध्येच लिहाव्यात. ते शक्य नसेल, तर चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी १.२च्या ड्राइव्हमध्ये ३६० केबी म्हणून फॉरमॅट करून वापरावी. बहुतेकदा जमते, पण खात्री देता येत नाही.

प्रतिसाद २:
एक भर घालतो. जागा वाढेल या आशेने त्याच फ्लॉप्या १.२ एमबी म्हणून फॉरमॅट करू नका. ३६० केबीच्या लेपाची चुंबकीय निग्राहिता (लेपाचे चुंबकत्व बदलायला किती जोर लागतो ते, ऑर्स्टेड या एककात) सुमारे ३०० ऑर्स्टेड, तर १.२ची सुमारे ६०० असते, त्यामुळे ३६०च्या लेपावर १.२ म्हणून लिहिलेले टिकत नाही. मधल्या भोकाभोवती बळकटीची कडी दिसली, तर फ्लॉपी बहुधा ३६०चीच समजावी. साडेतीन इंचीत ट्रॅकचा हा घोळ नाही: ७२० केबी आणि १.४४ एमबी दोन्हींत ८० ट्रॅकच असतात, फक्त सेक्टर ९ ऐवजी १८ होतात.

प्रश्नकर्ता:
कडी सगळ्यांवर आहे. पुसलेल्या एका फ्लॉपीवर करून पाहिले, मूळ ड्राइव्हने ती वाचली. उरलेल्यांच्या प्रती आधी हार्ड डिस्कवर घेतो आणि मगच चुंबक हातात धरतो.