मदत हवी आहे: महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर नक्की कोणाला फोन लावायचा?

वाटसरू

पुढच्या महिन्यात कोल्हापूर ते पुणे, मग द्रुतगती मार्गाने मुंबई आणि परतीच्या आधी समृद्धीने नागपूर असा कारने प्रवास आहे. सोबत दोन ज्येष्ठ नागरिक. वाटेत काही झालं तर १०३३, ११२, १०८ की टोलनाक्यावरचा नंबर? प्रत्येक जण वेगळं सांगतो. महामार्ग पोलीस आणि एमएसआरडीसी यांत कोण काय करतं तेही कळत नाही. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावं.

मैलाचा_दगड

रस्ता कोणाचा आणि अडचण कसली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत की गोंधळ सुटतो.

कोल्हापूर-सातारा-पुणे हा राष्ट्रीय महामार्ग ४८, केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. तिथे त्यांचा मदत क्रमांक १०३३ चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे दोन्ही महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे एमएसआरडीसीचे. तिथली गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका, रस्त्यावर सांडलेलं तेल साफ करणं, तुटलेला कठडा बसवणं ही सगळी कामं महामंडळ आणि त्याचा टोल कंत्राटदार बघतात. त्यांचा मदत क्रमांक रस्त्याकडेच्या फलकांवर असतो. निघण्यापूर्वी तो फोनमध्ये सेव्ह करा. घाटात नेट गेल्यावर शोधत बसू नका.

महामार्ग पोलीस हे राज्य पोलिसांचं वेगळं दल. वाहतूक सुरळीत ठेवणं, वेगावर नजर, अपघातस्थळी पहिली व्यवस्था हे त्यांचं काम. द्रुतगती मार्गावर पळस्पे, बोरघाट आणि वडगाव अशी त्यांची केंद्रं आहेत. मात्र गुन्हा नोंदवायचा तर तो ज्या हद्दीत अपघात झाला त्या स्थानिक ठाण्यात. विम्यासाठी कागद मागायला लोक महामार्ग पोलिसांच्या चौकीत जातात आणि तिथून ठाण्यात पाठवले जातात. अर्धा दिवस यातच जातो.

जखमी कोणी असेल तर रस्ता कोणाचा हा विचारच करू नका. ११२ किंवा १०८, जो आधी लागेल तो.

बेअरिंग

वरच्या प्रतिसादात एक भर. फोन लागला तरी "लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी" असं सांगितलं की मदत चुकीच्या बाजूला जाते, आणि दुभाजक ओलांडता येत नसल्यामुळे पुढच्या इंटरचेंजला वळून परत येण्यात वेळ जातो. तीन गोष्टी सांगायच्या: किलोमीटरचा आकडा, वाहिनी (मुंबई वाहिनी की पुणे वाहिनी, म्हणजे तुम्ही कुठे चालला आहात ते) आणि कोणती लेन अडली आहे. समृद्धीवर याच आकड्याला सगळे 'चॅनल नंबर' म्हणतात. मोजणी नागपूरच्या टोकापासून सुरू होते, त्यामुळे तुम्ही नागपूरकडे जाताना आकडा कमी होत जाईल. चालत्या गाडीत शेजारच्याने दर दहा-पंधरा मिनिटांनी एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरतं.

गिअरबदल

फोनच्या आधीची दोन मिनिटं जास्त महत्त्वाची. त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. मागच्या चालकाला तुमची गाडी उभी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडायला अडीच सेकंद धरले तर ७० मीटर तिथेच संपतात, पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर लागतात. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. तिथे हाच हिशेब १६० मीटरच्या पुढे जातो. म्हणून इशाऱ्याचा लाल त्रिकोण गाडीच्या मागे दहा पावलांवर ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. किमान १०० मीटर, म्हणजे मोठी १३० पावलं. वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्याच्या अलीकडे. चालताना कठड्याच्या बाहेरून चाला आणि उघडलेला त्रिकोण छातीसमोर धरा.

इंजिन बंद पडतंय असं वाटलं की वेग शिल्लक असतानाच डावीकडे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर घ्या. टायर फुटला असला तरी २०-३० च्या वेगाने थोडं पुढे, रुंद जागेपर्यंत न्या. रिम खराब झाला तर झाला. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या दारानं उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. ज्येष्ठांना "आत एसीत बसा" म्हणणं ही सर्वांत घातक माया. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला डुलकी लागली असेल तर तो शोल्डरवर उभ्या गाडीलाच धडकतो. उजवं चाक बदलायला बसू नका, पाठ वाहतुकीकडे येते. क्रेन किंवा गस्तीची गाडी येऊन मागे उभी राहू दे.

आणि कृपया रस्त्यात दगड-फांद्या मांडू नका. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात.

काटकोन

क्रेनबद्दल: हूक लावण्याआधी कुठे सोडणार, किती घेणार आणि पावती मिळेल का, हे विचारून घ्या. ऑटोमॅटिक, चारही चाकांना ओढ असलेली किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच तसं सांगा आणि सपाट फलाटाची क्रेन मागा. चाकं फिरत ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते आणि पाचशे-हजार वाचवण्याच्या नादात मोठा खर्च बसतो. टोइंगचा हूक डिकीत स्टेपनीजवळ असतो, काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. घरीच एकदा लावून बघा.

बोगद्यात मात्र वेगळं. इगतपुरीचा जुळा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे. शक्य असेल तर गाडी बाहेर काढा, नाहीच जमलं तर आतल्या थांब्याच्या जागेत लावा. धूर दिसला तर किल्ली गाडीतच ठेवून, सामान न घेता शेजारच्या नळीत जाणाऱ्या जोडमार्गाने निघा.

वाटसरू

मनापासून धन्यवाद, दगडांची सवय आम्हालाही होती. दोन उपप्रश्न: अपघातात उपचाराचा खर्च लगेच भरावा लागतो का? आणि कॅमेऱ्याचं चुकीचं चलान आलं तर?

पंचनामा

उपचार: ५ मे २०२५ पासून देशभर विनारोकड योजना लागू आहे. मोटार अपघातातल्या जखमीला, रस्ता कोणताही असो, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात मिळतात. अडतं ते पोलिसांच्या नोंदीपाशी. अपघाताची माहिती ईडार या संगणक प्रणालीत गेल्याशिवाय रुग्णालयाचं काम पुढे सरकत नाही. म्हणून किरकोळ वाटला तरी अपघात कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला मदत मिळवून द्यायची असते आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं असतं. दुसऱ्या कोणाला मदत करायला थांबलात तर कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

कोणी जखमी नसेल तर दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे आणि किलोमीटरच्या दगडाचे फोटो काढून गाड्या लगेच कडेला घ्या. पंचनाम्यासाठी मधल्या लेनमध्ये वाट पाहू नका.

चलान: द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला १००, घाटात ६०. बहुतेक 'चुकीची' चलानं घाट सुरू होतो त्या फलकाकडे लक्ष न गेल्यामुळे येतात. शिवाय सरासरी वेगही मोजला जातो. दहा किलोमीटर सहा मिनिटांच्या आत कापलेत तर कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही. खरोखर चूक वाटत असेल तर महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फोटो उघडा. नंबरप्लेट, गाडीचा रंग-मॉडेल, वेळ आणि जागा जुळतात का ते पाहा. एका अक्षराचा घोळ किंवा बनावट नंबरप्लेट अशी प्रकरणं फोटोतच उघडी पडतात. मग तिथेच तक्रार नोंदवा, आरसी आणि गाडीचा समोरून-मागून फोटो जोडा. आधी दंड भरून नंतर तक्रार करू नका. केंद्रीय नियम १६७-अ प्रमाणे कॅमेरा असलेल्या भागात सूचनाफलक हवा आणि यंत्राला मान्यतेचा दाखला हवा. तक्रारीत हे दोन मुद्दे नेमके विचारा, "माझी चूक नाही" एवढं लिहून भागत नाही.

बेअरिंग

समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा भरा, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि तासाभराने फाटते. गरम टायरमधली हवा कमी करणं ही दुसरी चूक. नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली असेल तर त्या टायरने निघूच नका. स्टेपनीची हवाही बघा, ती कोणी बघत नाही.