अनुभव : मोठेपणी ‘हात लावून पाहा’ संग्रहालयात

नौपाडा, ठाणे :
मुलीच्या शाळेतून सहलीचे संमतिपत्र आले आणि ठिकाणाच्या रकान्यात वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे नाव वाचून मला माझी सातवीतली सहल आठवली. तिथल्या उद्यानात आवाजाच्या दोन मोठ्या अंतर्गोल तबकड्या बऱ्याच अंतरावर समोरासमोर उभ्या आहेत. त्यांच्यासमोरच्या रांगेत माझी पाळी येण्याआधीच शिट्टी वाजली आणि बाईंनी आम्हाला डबे खायला बोलावले. तबकडीत काय ऐकू येते ते मला परतीच्या बसमध्ये मैत्रिणींकडून कळले.

गेल्या महिन्यात रजा टाकून मी एकटीच तिथे गेले. हे उद्यान १९७९ सालचे, आंतरराष्ट्रीय बालक वर्षातले, म्हणजे माझ्याच वयाचे आहे. मुख्य इमारतीचे उद्घाटन पुढे ११ नोव्हेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मी थेट तबकडीपाशी गेले आणि तिथे पोहोचल्यावर लक्षात आले की हा खेळ एकट्याने होत नाही. थोड्या वेळाने समोरच्या तबकडीशी एक आजोबा आले. त्यांचा नातू वाफेच्या इंजिनापाशी रमला होता. आजोबांनी तोंड तबकडीसमोर बसवलेल्या गोल कड्याजवळ नेले आणि ‘कुठून आलात?’ हा त्यांचा प्रश्न, ते अगदी माझ्या खांद्याशी उभे असावेत तसा, माझ्या कानात आला. बोलणाऱ्याचा आवाज तबकडीवर आपटून सरळ समांतर निघतो आणि समोरच्या तबकडीच्या नाभीवर, म्हणजे तिच्या कड्यापाशी, पुन्हा गोळा होतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. पण त्या क्षणी मला उत्तर सुचेना, इतका तो आवाज जवळचा होता.

आपल्यापैकी कोणी मोठेपणी अशा ठिकाणी गेले असेल तर अवश्य लिहावे. मुलांना घेऊन गेलो आणि पिशव्या सांभाळत बाकावर बसलो, असे नको; स्वतः हात लावल्याचे लिहावे.

खारघर :
मुलगी अमेरिकेत सेंट लुईसला असते. तिथल्या ‘सिटी म्युझियम’मध्ये तिने मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी नेले. बॉब कॅसिली नावाच्या शिल्पकाराने पत्नी गेल यांच्यासह १९९७ साली ते उघडले. इमारत मूळची एका मोठ्या बूट कंपनीची आहे. वरच्या मजल्यांवरून बूट खाली सोडण्यासाठी तिथे लोखंडी नागमोडी घसरण्या होत्या. त्यांवरून आता माणसे घसरतात. सर्वांत उंच घसरगुंडी दहा मजल्यांची आहे. मी आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली असल्यामुळे माल उतरवायच्या घसरणीवर माणसाने बसायचे, ही कल्पनाच मला प्रथम रुचली नाही. मुलगी मात्र हट्टाला पेटली. पत्रा गार होता, आत अंधार होता आणि प्रत्येक वळणावर खांदा कडेला घासत होता. खाली आल्यावर मी काही न बोलता पुन्हा जिन्याकडे वळलो, असे मुलगी सांगते. शहरातल्या जुन्या इमारतींचे अवशेष, धुरांडी, क्रेनचे भाग आणि बाहेर तर टाकून दिलेल्या विमानांचे सांगाडेसुद्धा तिथे चढण्यासाठी वापरले आहेत. कालबाह्य झालेल्या वस्तूंची एवढी कदर मी कुठल्याही भंगारवाड्यात पाहिली नाही.

जाणाऱ्यांनी गुडघ्यांना पट्टे जरूर बांधावेत.

ऐरोली :
खारघरच्या काकांचे वाचून हेवा वाटला. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे घसरगुंडी आता होणार नाही. वरळीला फार चालावे लागते का, एवढे कृपया कोणीतरी सांगावे.

वाशी :
मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कोनीय संवेग अक्षय्य राहतो, म्हणजे बाहेरून पीळ दिला नाही तर एकूण फिरण्याचा जोर तेवढाच राहतो, हे विधान मी बावीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. एका विज्ञान केंद्रात विद्यार्थ्यांच्या मागे उभी असताना तिथल्या मार्गदर्शकाने मलाच फिरत्या स्टुलावर बसवले आणि जोरात फिरणारे सायकलचे चाक आडव्या आसाने माझ्या दोन्ही हातांत दिले. मी आस उभा करू लागले, तेव्हा चाकाने मनगटाला हिसका दिला. चाकाला स्वतःची अशी इच्छा असावी, तशी ती ओढ होती. आणि स्टूल मला घेऊन सावकाश उलट दिशेला वळू लागले. चाक दुसऱ्या बाजूला कलवले तेव्हा मीही दुसऱ्या बाजूला फिरले. विद्यार्थी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होते. बावीस वर्षांत ते बळ माझ्या मनगटाला एकदाही कळले नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ साली ‘एक्सप्लोरेटोरियम’ उभारणारे फ्रँक ओपेनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि मधली काही वर्षे त्यांनी शाळेत शिकवले होते. वर्गात शिकवलेल्या माणसालाच असे संग्रहालय सुचावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

कळवा :
माझा अनुभव कडू आहे. लहान मुलांसाठीच्या एका खेळदालनात मी भाचीबरोबर गेलो होतो. तिथे पाण्याचे छोटे पाट होते आणि फळ्या सरकवून त्यांचा प्रवाह वळवायचा होता. मी एक फळी सरकवताच तिथल्या कर्मचाऱ्याने सर्वांसमोर मला बाजूला काढले आणि पालकांनी रेषेबाहेर थांबावे असे सुनावले. लहानांना इजा होऊ नये म्हणून नियम असतो हे मला मान्य आहे, परंतु त्या वेळी आत माझ्या भाचीखेरीज कोणीही नव्हते. ती नंतर प्रत्येक फळी सरकवण्याआधी माझ्याकडे पाहून विचारत होती, ‘मामा, आता कुठली?’

वाशी :
कळव्याच्या दादा, वाचून फार वाईट वाटले. भाचीने मात्र आपल्याला आतच ठेवले.

कोपरी, ठाणे :
माझ्या आईला गेली सहा वर्षे काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही. संग्रहालय म्हटले की ती ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते, कारण काचेआडच्या वस्तू तिच्यासाठी नसल्यासारख्याच असतात. ज्या ठिकाणी सर्व काही हाताने करायचे असते, तिथे मी तिला एकदा आग्रहाने नेले. दोर आणि कप्पी यांनी टांगलेल्या खुर्चीत बसून दोर ओढत स्वतःला वर उचलायचे, असा एक खेळ होता. आईने आधी दोर चाचपला, मग हात वर नेऊन दोराचे किती पदर आहेत ते मोजले. लहानपणी गावच्या विहिरीवर तिने पाणी शेंदले आहे. ती म्हणाली, ‘आमच्या विहिरीवर एकच कप्पी होती गं, तिने फक्त ओढायची दिशा बदलते, भरलेला पोहरा काही हलका होत नाही. इथे जास्त आहेत, म्हणजे दोर लांब ओढावा लागेल, पण जोर कमी लागेल.’ आणि पदर खोचून तिने ओढायला सुरुवात केली. खुर्ची वितीवितीने वर गेली. वर गेल्यावर तिने पाय हलवून खाली जमीन नसल्याची खात्री करून घेतली आणि बराच वेळ उतरायला नकार दिला. मागे रांग होती, पण कोणीही घाई केली नाही. खाली आल्यावर तिच्या तळव्यांवर दोराचे लाल वळ होते आणि ते ती घरी येईपर्यंत अंगठ्याने चाचपत होती.

नौपाडा, ठाणे :
कोपरीच्या ताई, आईंना माझा नमस्कार सांगावा.

ऐरोलीच्या ताईंसाठी : ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मीला जावे आणि तिथून टॅक्सी करावी, म्हणजे गुडघ्यांना त्रास होणार नाही. उद्यानात चालणे आहे, परंतु सगळे एका दिवसात पाहण्याचा आग्रह धरू नये. तबकड्यांपाशी थांबले तरी पुरे आहे. बरोबर कोणी नसेल तर तसे कळवावे. पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे, समोरच्या तबकडीशी मी उभी राहीन.