शब्दचर्चा: कृष्णधवल, करडा, धूसर आणि 'रंग काढणे'

डिजिटल कलर लॅन्डस्केप ब्लॅक अँड व्हाइट कसा करायचा यावर मराठीत लिहायला घेतलंय आणि शब्दांपाशीच गाडी अडलीये. 'कृष्णधवल' सिनेमांसाठी ऐकलाय, फोटोला चालेल ना? मोनोक्रोम म्हणजे 'एकरंगी'? ग्रे म्हणजे करडा, राखाडी की धूसर? आणि कन्व्हर्ट करणे याला सरळ 'रंग काढून टाकणे' लिहिलं तर?

---

कृष्णधवल बिनधास्त लिहा. एकरंगी मात्र त्याच अर्थाने नको, कारण जुन्या फोटोंसारखा तपकिरी सेपियाही एकरंगी आणि सायनोटाइपची निळी प्रिंटही एकरंगीच. करडा, राखाडी दोन्ही ठीक, 'करड्या छटा' तोंडात जास्त बसतं एवढंच. धूसर नकोच. मराठीत आता धूसर म्हणजे नीट न दिसणारं, आणि लॅन्डस्केपमध्ये हा फरक फार कामाचा आहे. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो त्यामुळे फोटोतलं निळं चॅनल (डिजिटल फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला एक थर) एकटं उघडून बघितलं तर लांबचे डोंगर धूसर, आणि लाल चॅनल उघडलं की तेच डोंगर बऱ्यापैकी स्वच्छ. चित्रं दोन्ही करडीच, धूसर त्यातलं एकच!

---

'रंग काढून टाकणे' ला माझा सक्त विरोध. फोटोशॉपातलं डीसॅच्युरेट म्हणजे खरंच रंग काढणं, तिथे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिघंही उजेडाच्या मापावर (0 काळा, 255 पांढरा) साधारण 128 वर येऊन बसतात, म्हणजे हिरव्या गवतातली लाल फुलं गायब, सगळा चिखल. डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो म्हणून 0.299, 0.587, 0.114 असं लाल, हिरवा, निळा यांना अनुक्रमे वजन देऊन केलं तर लाल 76, हिरवा 150, निळा 29, फुलं परत दिसायला लागतात. म्हणजे काढणं नाहीच हे, कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा ते ठरवणं आहे. अमेरिकन लॅन्डस्केप फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने 1927 मध्ये हाफ डोम या तिथल्या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला, मग गडद लाल लावून, आणि लालमध्ये आकाश जवळजवळ काळं झालं. फिल्मवर हे आधीच ठरवावं लागायचं, आपण नंतर सॉफ्टवेअरमधल्या एकेका रंगाच्या स्लायडरने करतो, पण काम तेच. म्हणून मी म्हणेन 'रंग करड्यात उतरवणे'.

---

उतरवणे ऐकायला छान आहे हो, पण 'रंग उतरला' म्हणजे आपल्याकडे फिका पडला, धुऊन गेला! वाचणारा नेमकं उलटं समजेल. 'करड्यात बदलणे' लिहा, रुक्ष आहे पण घोटाळा नाही. आणि कॉन्ट्रास्टला 'विरोधाभास' लिहिलेलं दिसतं कुठे कुठे, कृपा करून नको, तो बोलण्यात असतो. उठाव म्हणा. ढगांना उठाव आला, कडा उठून दिसला, हे कुणालाही कळतं.

माझ्या मते खरा घोळ 'छटा' मध्ये आहे. पोपटी ही हिरव्याची छटा आणि फिका करडा ही पण छटा, मग टोन (किती उजळ) कुठला आणि ह्यू (कुठला रंग) कुठला? मी ह्यूला रंगछटा आणि टोनला उजळपणा लिहितो.

---

उजळपणा पटला. पण टोनल रेंजला 'उजळपणाची व्याप्ती' वगैरे नका करू, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या म्हणा. साध्या जेपेगमधून केलेल्या करड्या फोटोत त्या 256 च असतात, 14 बिट रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये 16384, म्हणून जेपेगचं आकाश जास्त ताणलं की गुळगुळीत उतार जाऊन पट्टे दिसतात. निळा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात दाणे येतात ते वेगळंच, आणि डोंगराच्या कडेने पांढरी रेघ उमटते. त्या रेघेला सगळे हेलो म्हणतात, मी 'किनार' म्हणतो. कुणाकडे याहून बरा शब्द असेल तर टाका.