मुलाला युनिव्हर्सिटी नको, डिग्री अप्रेंटिसशिप हवीय… आणि ११ रिजेक्शन झालीत

पावसाळी_दुपार:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही १२ वर्षं इंग्लंडात आहोत. मुलगा इयर १३ ला (शाळेचं शेवटचं वर्ष, आपली बारावी समजा), ए-लेव्हलला मॅथ्स, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स, प्रेडिक्टेड ग्रेड्स (शाळेने दिलेला निकालाचा अंदाज) ए ए बी. यूकासचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा, फॉर्म जानेवारीत भरलाय (बाबांचा आग्रह), पाचपैकी चार ऑफर्स आल्यात. पण पोराच्या डोक्यात गेल्या उन्हाळ्यापासून एकच, डिग्री अप्रेंटिसशिप. नोकरी करता करता डिग्री, फी कंपनी भरणार, वर पगार. मला कल्पना आवडली, नवऱ्याला अजिबात नाही. त्याच्या डोळ्यासमोर अप्रेंटिस म्हटलं की आयटीआयची खाकी पँट आणि हातात पाना. "अख्ख्या घराण्यात पहिला इंजिनियर मी झालो आणि माझा मुलगा अप्रेंटिस?" असं तो जेवताना म्हणाला आणि त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर हा विषय बंद.

खरा प्रॉब्लेम पुढे आहे. ऑक्टोबरपासून त्याने १४ ठिकाणी अर्ज केले. ११ नकार आलेत, दोघांचं काहीच उत्तर नाही, एक बाकी. त्यातल्या एका ठिकाणी तर असेसमेंट सेंटरपर्यंत (शेवटची पायरी, ग्रुप टास्क आणि इंटरव्ह्यू) जाऊन आला होता. मेल येतात ते पण कधीही, एक रात्री पावणेबाराला आला. हल्ली तो मेल वाचतच नाही, 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द दिसला की फोन उलटा ठेवतो. मागच्या महिन्यात व्हिडिओ इंटरव्ह्यू होता, म्हणजे समोर माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न येतो, तीस सेकंद विचार करायला आणि दोन मिनिटं बोलायला. मी बाहेर लँडिंगवर श्वास रोखून उभी, आणि नेमकी स्मोक अलार्मची बॅटरी उतरलेली, दर चाळीस सेकंदांनी टुक्क. टुक्क. तो बोलत राहिला, थांबला नाही. संपल्यावर बाहेर येऊन जिन्यात बसला आणि म्हणाला, आई मला नाही वाटत मी यांना आवडतो.

शाळेत टॉपला असणारं पोर असं बोललं की काय करायचं कळेना. तर प्रश्न असे की, ही डिग्री खरी असते का, तुमच्या ओळखीत कोणी केलीय का, नकार कसे पचवले, आणि युनिव्हर्सिटीची ऑफर धरून ठेवावी की सोडावी?

---

मधली_सुट्टी:

ताई, आधी डिग्रीचं. खरी असते, शंभर टक्के. युनिव्हर्सिटीच देते, सर्टिफिकेटवर युनिव्हर्सिटीचंच नाव असतं. इंग्लंडात ही भानगड २०१५ पासून आहे. माझ्या मुलीने सिव्हिल इंजिनियरिंग असंच केलं, गेल्या वर्षी गाऊन घालून फोटो काढला, आजोबांना पाठवला, त्यांना आजही फरक माहीत नाही आणि आम्ही सांगितलेलाही नाही.

पैशांचं नवऱ्याला असं समजावा. २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंड, म्हणजे तीन वर्षांची साडेअठ्ठावीस हजारांच्या वर, राहण्याखाण्याचं कर्ज वेगळं. आताच्या नियमाने २५,००० च्या वरच्या कमाईवर ९ टक्के कापत राहतात, फिटेपर्यंत किंवा ४० वर्षं. चाळीस! मुलगा साठीला टेकेल. अप्रेंटिसला यातलं काहीच नाही, फी त्याच्याकडून घेताच येत नाही.

पण फुकट काही नसतं हो. हिच्या मैत्रिणी फ्रेशर्स वीकचे फोटो टाकत होत्या तेव्हा ही बाई सकाळी सहाला हाय-व्हिज जॅकेट घालून साइटवर. सगळे सहकारी चाळिशीचे, डबा खाताना मॉर्गेज आणि गुडघेदुखी यावर चर्चा, हिला कोणाशी बोलावं कळायचं नाही. उन्हाळ्याची तीन महिने सुट्टी नाही, नोकरदाराची असते तेवढीच रजा. आणि काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी)! फुल-टाइम विद्यार्थ्याला माफ असतो, अप्रेंटिसचा पगार अगदीच कमी असेल तरच सूट मिळते, हिचा त्याच्या वर होता. ते पत्र आलं तेव्हा तिने मला फोन करून विचारलं की आई हे काय असतं. मला हसू आवरेना.

पहिल्या वर्षी मॅथ्सच्या मॉड्यूलमध्ये नापास झाली. ए-लेव्हलला मॅथ्समध्ये ए होता. पंधरा दिवस आम्हाला सांगितलंच नाही. नंतर कळलं की साइटवर काम वाढलं म्हणून तिचा स्टडी डे तीनदा रद्द झाला होता आणि नवीन असल्याने तिने तोंड उघडलं नाही. नियम असा आहे की अभ्यासाचा वेळ पगारी कामाच्या तासांतूनच द्यावा लागतो, पण नियम आहे म्हणून कोणी ताटात वाढून देत नाही, मागावा लागतो. ट्यूटरने मॅनेजरशी बोलून तो दिवस पक्का करून घेतला, फेरपरीक्षेत पास झाली.

ऑफर सोडू नका. एक फर्म (पहिली पसंती), एक इन्शुरन्स (राखीव) करून ठेवा. अप्रेंटिसशिप मिळाली तर ती जागा नंतर सोडता येते, कोणी पोलीस पाठवत नाही. आम्ही तेच केलं, तिला ऑफर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आली. फक्त हॉस्टेलचं डिपॉझिट भरायच्या आधी ते परत मिळतं का ते बघा, आमचं बुडालं.

---

तिसरा_मजला:

काकू म्हटलं तर चालेल ना? मी २३ चा आहे. आठवीपर्यंत मराठी शाळेत होतो म्हणून टाइप करता येतं, चुका माफ.

मी डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्सची अप्रेंटिसशिप केली, २०२१ ला सुरू. मला १९ रिजेक्शन होते त्यामुळे तुमचा मुलगा अजून ज्युनियर आहे 😄 पण मला खरं तर मिळाल्यानंतरचं सांगायचंय कारण ते कोणी सांगत नाही.

मार्च २०२३ ला म्हणजे दीड वर्ष झालेलं, चार वर्षांपैकी, सकाळी साडेनऊला सगळ्यांना मीटिंगची लिंक आली आणि बारा मिनिटांत आमची अख्खी टीम रिडंडंट, म्हणजे कामावरून कमी. अप्रेंटिसशिपला नोकरी लागतेच ना, नोकरी गेली की कोर्सचं काय हा प्रश्न मी आयुष्यात कधी विचारलाच नव्हता. दोन वर्षं पूर्ण नसल्यामुळे कायद्याने मिळतो तो रिडंडन्सी पे पण नाही, एका आठवड्याचा नोटिसचा पगार आणि बाय. लॅपटॉप कुरियरने परत पाठवायला त्यांनी खोका पाठवला, तो खोका पगाराच्या आधी आला.

मग कळलं की ७५ टक्के कोर्स झाला असेल तर नोकरी नसली तरी उरलेल्या ट्रेनिंगचा खर्च सरकार बघतं, आणि त्याहून कमी झाला असेल तर १२ आठवडे मिळतात, तेवढ्यात दुसरा एम्प्लॉयर शोधायचा. मी अर्ध्यातही नव्हतो. म्हणजे १२ आठवडे. मी भिंतीवर कागद लावून आठवडे खोडत होतो, आईने तो दोनदा काढला, म्हणाली जेलमध्ये आहेस का.

कठीण काय होतं तर कंपन्यांना पहिल्या दिवसापासूनचा अप्रेंटिस हवा असतो, अर्धा शिजलेला कोणी घेत नाही, बऱ्याच एचआरना हे करता येतं हेच माहीत नव्हतं, मी फोनवर त्यांनाच नियम समजावत होतो. सहाव्या आठवड्यात नेटवर्किंगची परीक्षा होती, ती नोकरी नसताना दिली, ट्यूटर म्हणाल्या सोडू नकोस, निकाल तुझ्या नावावर राहील. दहाव्या आठवड्यात एका तीस माणसांच्या कंपनीच्या मॅनेजरने फोनवर वीस मिनिटं बोलून विचारलं, सोमवारी येशील का. पगार आधीपेक्षा २,४०० ने कमी होता. गेलो. तिथेच गेल्या वर्षी कोर्स संपवला, अजून तिथेच आहे.

तुमच्या मुलाला एवढंच सांगा की एक एक्सेल शीट करायची. कुठे अर्ज, कुठल्या पायरीवर नकार. मी केली तेव्हा दिसलं की माझे १९ पैकी १३ ऑनलाइन न्यूमरिकल टेस्टमध्ये उडालेत. म्हणजे मला कोणी बघितलंच नव्हतं! मी महिनाभर स्वतःला नावडता समजत होतो आणि प्रॉब्लेम होता टक्केवारीची गणितं घड्याळ लावून करण्याचा. तीन आठवडे रोज सराव केला, मग पुढच्या पायरीवर रिजेक्ट व्हायला लागलो, तो पण आनंदच वाटला.

---

खडूस_मास्तर:

थोडा विरोधी सूर लावतो, वाईट वाटून घेऊ नका.

मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत शिकवतो, अप्रेंटिसांची बॅच दर गुरुवारी माझ्याकडे असते. पोरं हुशार, आणि कायम दमलेली. असाइनमेंट शेवटच्या दिवशी रात्री अकरा एकोणसाठला येतात. दरवर्षी काही जण मध्येच सोडतात आणि माझ्या पाहण्यात तरी अभ्यास झेपला नाही म्हणून सोडणारे थोडेच, बहुतेकांच्या मागे एकच कथा असते, मॅनेजर बदलला आणि नव्याला हे प्रकरण नको होतं. म्हणून इंटरव्ह्यूत "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात ना, तेव्हा मुलाने सरळ विचारावं की स्टडी डे कुठला, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांनी पूर्ण केलं. उत्तर देताना समोरचा चाचपडला तर समजून जा.

दुसरं, १८ व्या वर्षी विषय पक्का नसेल तर युनिव्हर्सिटीच बरी. तिथे पहिल्या वर्षानंतर कोर्स बदलणं तुलनेने सोपं, इथे नोकरीच बदलावी लागते. रिसर्चकडे ओढा असेल तरीही युनिव्हर्सिटी. मधला रस्ताही आहे, प्लेसमेंट इयरवाला चार वर्षांचा कोर्स, त्यात एक वर्ष पगारी काम. वडिलांना तो पटेल कदाचित.

मुलाला नक्की काय आवडतं हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही, पगार आणि फी आहे फक्त. ते आधी विचारा.

---

कोरा_कागद:

मी एका इंजिनियरिंग कंपनीत असेसमेंट सेंटरला निरीक्षक म्हणून बसते, वर्षातून चार-पाच वेळा. मास्तरांचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर, पण आता पोर शर्यतीत आहेच तर आतली बाजू सांगते.

ग्रुप टास्कमध्ये आम्ही उत्तर बरोबर आलं का हे जवळजवळ बघतच नाही. हातात फॉर्म असतो, त्यावर लिहायचं की कोणी दुसऱ्याचं ऐकलं, कोणी घड्याळाकडे लक्ष दिलं. आपल्या मुलांची एक सवय मी नेहमी बघते. उत्तर येत असतं, ते पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकतात आणि मग हाताची घडी घालून बसतात, झालं म्हणून. अहो, अजून चाळीस मिनिटं आहेत! एकदा एका मुलीला उत्तर येत नव्हतं पण तिने गप्प बसलेल्या मुलाला विचारलं, तुला काय वाटतं. माझ्या फॉर्मवर तिच्या नावापुढे सर्वांत जास्त खुणा होत्या.

इंटरव्ह्यूत "आम्ही केलं, आमच्या टीमने केलं" असं बोलतात. तू काय केलंस ते सांग. शाळेचा प्रोजेक्टच पाहिजे असं नाही. एकाने आजीला टॅब्लेट शिकवल्याचं सांगितलं, किती वेळा चुकली आणि मग त्याने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी कशी करून दिली ते. घेतला आम्ही त्याला.

असेसमेंट सेंटरनंतर नकार आला असेल तर फीडबॅक मागा, बहुतेक देतात. ऑनलाइन टेस्टनंतर मागून फारसं काही मिळत नाही. आणि आता मार्च आला म्हणजे संपलं असं नाही. मोठ्या कंपन्या शरद ऋतूत भरती उघडतात ते खरं, पण छोट्यांच्या जागा सरकारच्या फाइंड अॅन अप्रेंटिसशिप साइटवर उन्हाळ्यापर्यंत येत राहतात. पोरं फक्त नावाजलेल्या कंपन्यांच्या मागे धावतात. तिसऱ्या मजल्याला विचारा की तीस माणसांच्या ऑफिसात किती शिकायला मिळतं.

---

तिसरा_मजला:

+१. पहिल्या आठवड्यात मला लाइव्ह सर्व्हरचा पासवर्ड दिला होता. अजून घाम फुटतो.

---

नवाच_आलोय:

धागा हायजॅक करत नाही, पण डिपेंडंट व्हिसावर चालतं का हे? मुलगी इयर १२ ला आहे.

---

मधली_सुट्टी:

आमचं आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) तेव्हा झालं नव्हतं, तरी चाललं. फंडिंगसाठी सुरुवातीच्या तारखेआधी ३ वर्षं इथे राहत असणं ही अट होती. पण कंपनीच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असतात, कोर्स संपेपर्यंत व्हिसा पुरतो का ते बघतात, आणि डिफेन्सवाल्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

---

पावसाळी_दुपार:

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचलं. तिसरा_मजला, काकू चालेल रे.

शीट केली त्याने. ११ पैकी ७ ऑनलाइन टेस्टला, ३ व्हिडिओला, १ असेसमेंट सेंटर. बराच वेळ नुसता बघत बसला आणि मग म्हणाला, म्हणजे टेस्ट. काल शाळेतून आल्यावर टायमर लावून बसला होता. असेसमेंट सेंटरवाल्यांना फीडबॅकसाठी मेल केला तर त्यांनी चक्क फोन केला, तुमची कल्पना सर्वांत चांगली होती पण ती सांगून तुम्ही शांत झालात असं म्हणाले. कोरा_कागद, तुम्हीच नव्हता ना तिथे? 🙈

मास्तर, तुमचं लागलं थोडं, पण विचारलं मी. त्याला म्हणे गोष्टी का बंद पडतात ते शोधायला आवडतं. वॉशिंग मशीन त्याने दोनदा उघडलंय हे मी विसरलेच होते. नवरा हे ऐकत होता, म्हणाला एकदाच दुरुस्त झालं होतं. पण मग प्लेसमेंट इयर म्हणजे काय आणि काउन्सिल टॅक्स किती बसेल असं दोन्ही विचारत होता, तर बघू.

राहिलेल्या १४ व्या ठिकाणचं असेसमेंट सेंटर येत्या गुरुवारी आहे! सूट घ्यावा का?

---

कोरा_कागद:

नको. जाहिरातीत लिहिलं नसेल तर इस्त्रीचा शर्ट पुरे. बूट नवे असतील तर आधी दोन दिवस घरात घालून फिरायला सांगा, मागच्या वेळी एक पोरगा दुपारनंतर लंगडत होता.