पूना हॉर्सचा सेंच्युरियन, १/३५ : आफ्टरमार्केट भागांवर पैसे कुठे घालावेत?

नवशिका_३५ :

नमस्कार. मी काही वर्षांपासून १/३५ प्रमाणातल्या रणगाड्यांच्या प्रतिकृती करीत आहे, परंतु आजवर खोक्यात जे आले तेवढेच जोडून आणि रंगवून समाधान मानले. आता मनात १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्स या भारतीय रणगाडा पलटणीचा सेंच्युरियन रणगाडा आहे. शक्य झाल्यास १६ डिसेंबर रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यातून लढले तो 'फामागुस्ता' नावाचा रणगाडाच करावा, अशी इच्छा आहे. त्यासाठी एएफव्ही क्लब या कंपनीचे सेंच्युरियन मार्क ५/१ चे किट घ्यावे असा विचार आहे, कारण त्यावर मूळची २० पाउंडर तोफ आहे आणि नंतरची १०५ मिलिमीटरची नाही.

आफ्टरमार्केट भाग (किटव्यतिरिक्त वेगळे विकत मिळणारे सुटे भाग) पाहू लागलो तेव्हा मात्र गोंधळून गेलो. फ्रिउलचे धातूचे ट्रॅक, आबेर आणि आरबी मॉडेल यांच्या तोफेच्या खरादलेल्या नळ्या, एडुआर्ड आणि व्हॉयेजर यांचे फोटो-एच (रसायनाने कोरून काढलेले पातळ पितळी) पत्रे, शिवाय आता थ्रीडी प्रिंट केलेले अवजारांचे संच, असे सगळे घेतले तर किटच्या दुप्पट खर्च होईल. वर टपाल आणि सीमाशुल्क आहेच. किट सोडून सुट्या भागांसाठी सात-आठ हजार रुपयांपलीकडे जाणे मला परवडणार नाही. त्यात काय घ्यावे, काय टाळावे आणि काय घरीच करता येईल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_कारागीर :

तुमच्या यादीत सगळ्यांत आधी यायला हवी होती ती गोष्ट नाही, ती म्हणजे छायाचित्रे. नेमका कोणता रणगाडा आणि कोणत्या दिवशीचा, हे पक्के होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेंच्युरियनच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण कोणत्या भागावर खर्च करणे सार्थकी लागेल, हे त्या रणगाड्याच्या बाजूचे पत्रे (ज्यांना बझूका प्लेट म्हणतात ते) त्या वेळी बसवलेले होते की काढून ठेवलेले, यावर अवलंबून आहे.

हे जरा सविस्तर सांगतो. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाके असतात. ती दोन-दोनच्या जोडीने हॉर्स्टमन पद्धतीच्या स्प्रिंगवर बसवलेली असतात, दात्यांचे चाक मागे असते आणि ट्रॅकचा वरचा भाग रोलरवर टेकून पुढे जातो. बाजूचे पत्रे बसवले की हा वरचा भाग, रोलर आणि स्प्रिंग हे सगळे झाकले जाते. दिसतो तो फक्त चाकांचा खालचा भाग, जमिनीवर टेकलेला ट्रॅक आणि दोन्ही टोकांची वळणे. धातूच्या ट्रॅकसाठी लोक पदरमोड करतात ती मुख्यतः त्याच्या वजनामुळे येणाऱ्या नैसर्गिक झोळासाठी. टायगर किंवा टी-५५ सारख्या रणगाड्यावर तो झोळ डोळ्यांत भरतो. सेंच्युरियनवर रोलरमुळे मुळातच झोळ थोडा, आणि जो आहे तोही पत्र्यामागे दडलेला. म्हणजे खर्चाचा निम्मा भाग अशा ठिकाणी जातो जिथे तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही. पत्रे असतील तर साधे प्लास्टिकचे सुटे दुवे पुरेत, आणि खोक्यातले व्हिनाइलचे पट्टे जरी वापरले तरी खालच्या बाजूने ते चाकांना नीट चिकटवले की चालून जाते. पत्रे नसतील तर मात्र सगळे गणित उलटे होते. व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियन पलटणींनी चिखल आणि झाडोरा अडकतो म्हणून हे पत्रे काढून टाकले होते. तुमच्या रणगाड्याचे काय होते, हे छायाचित्रावरूनच ठरवा.

दुसरी गोष्ट किटच्या निवडीची. पूना हॉर्सचे रणगाडे मार्क ७ होते. मार्क ५/१ मध्ये पुढच्या उतरत्या भागावर जादा चिलखती पत्रा आहे, आणि मार्क ७ ची इंजिनावरची झाकणे वेगळ्या रचनेची आहेत. या दोन जागी तुम्हाला प्लास्टिकच्या पत्र्यावर स्वतःच काम करावे लागेल. ते काम अवघड नाही, पण ते टाळून बाकी कितीही पितळ चढवले तरी जाणकाराच्या नजरेतून चूक सुटणार नाही. इंजिनाच्या झाकणांसाठी १ मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा घ्या. कोणत्याही तयार संचापेक्षा तोच अधिक उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट नळीची. खोक्यात आधीच धातूची नळी आहे का, हे प्रथम पाहा. नसल्यास ती जरूर घ्या, कारण प्लास्टिकच्या दोन अर्ध्या नळ्या जोडून सांधा पूर्ण गोल घासणे हे भल्याभल्यांच्या जिवावर येते. मात्र मागवताना नीट तपासा. सेंच्युरियनसाठी २० पाउंडरची नळी वेगळी आणि १०५ मिलिमीटरची वेगळी मिळते. २० पाउंडरचा आतला व्यास सुमारे ८४ मिलिमीटर, म्हणजे १/३५ मध्ये २.४ मिलिमीटरच्या आसपास. १०५ ची नळी बरोबर ३ मिलिमीटर भरते. एवढा फरक उघड्या डोळ्यांना कळतो. शिवाय २० पाउंडरच्याही दोन तऱ्हा होत्या, एक धूर शोषून घेणाऱ्या फुगीर भागासह आणि एक त्याविना. तुमच्या छायाचित्रात कोणती दिसते ते पाहूनच पैसे भरा.

फोटो-एचच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो : खऱ्या रणगाड्यावर ती वस्तू पातळ पत्र्याची आहे का? मडगार्ड घ्या. किटमधला मडगार्ड १ मिलिमीटर जाडीचा असेल तर खऱ्या मापात तो ३५ मिलिमीटर होतो, म्हणजे मडगार्ड नव्हे, चिलखतच झाले. ०.१५ मिलिमीटरचा पितळी पत्रा खऱ्या मापात ५ मिलिमीटरच्या जवळपास येतो आणि कडा वाकवली, चेपवली तर खरोखरीचा दिसतो. हेच दिव्यांभोवतीच्या संरक्षक पट्ट्यांना आणि सामानाच्या पेट्यांच्या बिजागऱ्यांना लागू आहे. परंतु धरायच्या कड्या, आकडे आणि अवजारांच्या मुठी गोल असतात. त्या सपाट पितळात केल्या की कागदातून कापल्यासारख्या दिसतात. त्या तांब्याच्या तारेनेच कराव्यात. जुन्या चोकमधली किंवा टेलिफोनच्या केबलमधली तार याला उत्तम, आणि ती जवळजवळ फुकट मिळते.

म्हणून माझा सल्ला असा की पूर्ण संच घेऊ नका. मडगार्डचा वेगळा संच मिळाला तर तेवढाच घ्या, नाहीतर ०.१ मिलिमीटरचा पितळी पत्रा आणून स्वतः कापा.

पितळवेडा :

जुना_कारागीर यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण ट्रॅकविषयी थोडा मतभेद नोंदवतो. पत्रे बसवलेले असले तरी धातूच्या ट्रॅकचे वजन प्रतिकृतीला हातात घेतल्यावर जाणवते, आणि दात्यांच्या चाकाशी तो ज्या रीतीने वळतो ते व्हिनाइलला जमत नाही. अर्थात आठ हजारांच्या मर्यादेत मीदेखील तो घेतला नसता.

घ्यायचाच झाला तर एवढे लक्षात ठेवा. प्रत्येक दुव्याची भोके बारीक ड्रिलने साफ करून त्यातून तार ओवावी लागते, आणि हे काम कित्येक संध्याकाळी खाते. ओवून झाल्यावर ट्रॅक साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच काळा करण्याच्या द्रावणात टाकावा. तेलाचा अंश राहिला तर काळपट-पांढरे डाग पडतात आणि ते रंगाखालूनही दिसतात. भोके पाडताना निघणारी धातूची पूड पाटावरून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. फुंकर मारू नये.

नवशिका_३५ :

दोघांचेही मनापासून आभार. मला मिळालेल्या छायाचित्रांपैकी काही रणभूमीवरची अस्पष्ट आहेत आणि काही अलीकडची, अहिल्यानगरला जतन करून ठेवलेल्या रणगाड्याची आहेत. पुण्याहून अहिल्यानगर जवळ असल्याने मी स्वतः जाऊन कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून यावे म्हणतो. तिथे नेमके काय टिपून आणावे?

दुसरी शंका अशी की पितळी पत्रा वाकवताना मोडतो आणि फेविक्विकने चिकटवलेला भाग रंगवताना उडून जातो, यावर उपाय काय?

जुना_कारागीर :

जरूर जा. छायाचित्रणाचे नियम दारातच विचारून घ्या आणि परवानगी असेल तर पूर्ण रणगाड्याचे देखणे फोटो काढण्यात वेळ घालवू नका, ते सगळीकडे मिळतात. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) ओतीव भागाचा खरखरीतपणा कुठे संपतो आणि जोडलेल्या सपाट छताचा पत्रा कुठे सुरू होतो, वेल्डिंगची रेघ किती रुंद आहे, पेट्यांची झाकणे कोणत्या बाजूने उघडतात, मडगार्ड कुठे आणि कसे वाकले आहेत, हे जवळून टिपा. शेजारी एखादे नाणे किंवा पट्टी ठेवता आली तर मापे काढणे सोपे जाते. रंग मात्र तिथून घेऊ नका. जतन केलेल्या रणगाड्यांवर वर्षानुवर्षे नवे थर चढत असतात आणि काही वेळा सुटे भागही दुसऱ्या गाडीचे बसवलेले असतात. १९७१ ची स्थिती त्या वेळच्या छायाचित्रांवरूनच ठरवावी, मग ती कितीही अस्पष्ट का असेनात.

ओतीव पोत करण्यासाठी कोणताही तयार भाग लागत नाही. मिस्टर सर्फेसर ५०० (प्रतिकृतींसाठीचा दाट प्रायमर) जाडसर ब्रशने टोचत-टोचत लावा आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने वरचे टोक तेवढे घासा. वेल्डिंगसाठी स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा तुकडा) मेणबत्तीवर ताणून केसाएवढी तार काढा, ती जागेवर ठेवून वरून पातळ सिमेंट सोडा आणि मऊ झाल्यावर जुन्या ब्लेडने बारीक खाचा पाडा. तोफेच्या मुळाशी असलेल्या कापडी आवरणासाठी पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिशू पेपर वापरा आणि नळी जितकी वर-खाली असेल त्याप्रमाणे सुरकुत्या पाडा. मोठी फट भरायला एम-सील चालते, पण तिचा दाणा जाडा असल्याने नाजूक ठिकाणी तिच्या वाटेला जाऊ नये.

पितळवेडा :

पितळ मोडते ते बहुधा ताठर असल्यामुळे. जो भाग गोल वाकवायचा आहे तेवढाच चिमट्यात धरून गॅसच्या मंद ज्योतीवर क्षणभर तापवा, रंग बदलू लागला की लगेच बाजूला घ्या आणि आपोआप थंड होऊ द्या. त्यानंतर तो बोटाच्या दाबानेही वळतो. काटकोनात दुमडायचे भाग मात्र तापवू नका, कारण तिथे ताठरपणाच हवा असतो आणि नरम झालेली घडी सरळ राहत नाही. सुटे भाग मूळ चौकटीतून कापताना खाली काच किंवा टणक फरशी ठेवा. मऊ पाटावर कापले की कडा वाकडी होते.

फेविक्विकचा सांधा उडतो तो दोन कारणांनी. एक तर पितळावर तेलकटपणा असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि चिकटणारी बाजू बारीक पॉलिश पेपरने खरवडावी. दुसरे म्हणजे हा गोंद ओढ सहन करतो, पण बाजूने बसलेला धक्का सहन करीत नाही. म्हणून मडगार्डसारख्या मोठ्या भागाला अराल्डाइट वापरा, ते वाळेपर्यंत भाग हलवून नेमका बसवताही येतो. रंगाआधी धातूसाठीचा प्रायमर अवश्य मारा. पावसाळ्यात लॅकर प्रकारचा प्रायमर मारल्यास हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस पाहून काम करा. रेझिनचे किंवा थ्रीडी प्रिंटचे भाग घेतलेत तर ते पाण्याखाली घासा आणि मास्क लावा. ती पूड फुप्फुसांना घातक असते. प्रिंट केलेल्या अवजारांचा दर्जा आता खरोखर उत्तम आहे, पण प्रिंट केलेली लांब नळी कालांतराने वाकू शकते, त्यामुळे नळी धातूचीच बरी.

अक्षरवाला :

खुणा आणि नाव यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. भारतीय पलटणींच्या खुणांचे तयार डिकल (प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील खुणा) शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी ते करून घेणे सोपे आहे, परंतु साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही आणि हिरव्या रणगाड्यावर तुम्हाला नेमका पांढराच हवा असणार. दोन मार्ग आहेत. पांढऱ्या डिकल कागदावर भोवतीची पार्श्वभूमी रणगाड्याच्या हिरव्या रंगाशी जुळवून छापायची, ज्यात रंग हुबेहूब जुळणे कठीण असते. किंवा स्टेन्सिल करून वरून पांढरा रंग उडवायचा, जो मला अधिक पसंत आहे.

स्टेन्सिलसाठी गाड्यांच्या नंबरप्लेटचे काम करणाऱ्या रेडियमच्या दुकानात जा. त्यांच्याकडे व्हिनाइल कापायचे प्लॉटर असतात. १५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर १/३५ मध्ये ४.३ मिलिमीटर होते, आणि एवढे बारीक कापायला दुकानदार आधी नाही म्हणतो. ब्लेड नवे असेल आणि यंत्राचा वेग कमी ठेवला तर जमते, म्हणून सकाळी गर्दी नसताना जावे आणि एकाच अक्षरांच्या आठ-दहा प्रती कापून घ्याव्यात, कारण उचलताना काही फाटतातच. युद्धातली नावे आणि आकडे बहुधा हाताने रंगवलेले असत, त्यामुळे कड किंचित हलली तरी बिघडत नाही. सैन्याचे आकडे आणि पलटणीची चिन्हे कुठे होती, हे मात्र जुन्या छायाचित्रावरून पडताळल्याशिवाय ठरवू नका.

नवशिका_३५ :

सर्वांचे आभार. मार्क ५/१ चे किट, २० पाउंडरची नळी, ०.१ मिलिमीटरचा पितळी पत्रा आणि दोन जाडींचे प्लास्टिक एवढेच आता मागवतो. ट्रॅकचा निर्णय अहिल्यानगरहून परतल्यावर आणि जुन्या छायाचित्रांत बाजूचे पत्रे आहेत की नाहीत हे पडताळल्यावर घेईन. इंजिनाच्या झाकणांची मापे कोणी काढून ठेवली असल्यास कृपया याच धाग्यावर द्यावीत.