मे महिन्यात अभ्यास, आणि अहवालाचा पत्ता नाही

रानवाटा: आमच्या गडचिरोलीतल्या गावात गेल्या मे महिन्यात अभ्यासक आले. विषय 'वीस वर्षांनंतरचं गाव'. अंगणात रांगोळीनं नकाशा काढला, चार्टपेपरवर लोकांची स्वप्नं लिहून घेतली, गेले. वर्ष झालं, अहवाल नाही. हंगाम तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा. बाया पहाटेच जंगलात जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधतात. आई मोजता मोजताच उत्तरं देत होती. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. नकाशात नाला आला, मोहाची झाडं सुटून गेली. ती ठाऊक असलेल्या बाया तेव्हा फळीवर, म्हणजे पानं जमा करतात तिथे, पुडे द्यायला गेल्या होत्या.
माझं म्हणणं: ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कोणी प्रश्न विचारायचा नाही. आणि अहवाल आधी ग्रामसभेत वाचायचा, गोंडीत.

हिरडा-बेहडा: राग पटतो, पण अटी वाढवल्या तर कोणी येणारच नाही. गडचिरोलीतलंच मेंढा (लेखा) गाव पाहा. २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा हक्क, मिळाला, त्यामागे कित्येक वर्षांचे अभ्यासगट होते. त्यात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे लोकही बसत. उद्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा तर बांबूची मोजणी, जीपीएस हे कोण शिकवणार?

रानवाटा: शिकवा ना! पण तिथे अभ्यासगट गावाचा होता, निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ते उगाच म्हणत नाहीत. आमच्याकडे प्रश्नसुद्धा छापून आणले होते.

चारोळी: चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ मध्ये असाच वनहक्क मिळाला, आणि त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं. पानांसाठी झाडं छाटतात, आगी लावतात म्हणून. हातची कमाई सोडायला बाहेरच्या माणसानं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? स्वतः ठरवलं म्हणून जमलं. पण दादा, ठराव म्हणजे कोणाचा ठराव? आमच्या ग्रामसभेत बाया मागं बसतात, बोलतात पुढचे. बायांची बैठक आधी, मग ठराव. नाहीतर नकाशातून मोह पुन्हा गळेल.

हिरडा-बेहडा: बायांच्या बैठकीचं शंभर टक्के मान्य. ठरावाचं अजून पटत नाही. सहा महिन्यांची मुदत घेऊन आलेल्या पोरानं ग्रामसभेची वाट किती दिवस पाहायची?

रानवाटा: त्यानं आधी पत्र पाठवावं आणि पौष-माघात यावं. धान घरात आलेलं असतं, मोह गळायला वेळ असतो. आई स्वतः झाडांपाशी घेऊन जाईल.