मदत हवी आहे: ‘भामटा’ या शब्दाऐवजी काय लिहावे?

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी मी फोनवरून होणाऱ्या फसवणुकीविषयी एक पानी पत्रक लिहीत आहे. ‘पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा’, असे त्याचे पहिले वाक्य होते. मसुदा वाचताना एका सदस्यांनी ‘भामट्यांपासून’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले, ‘हे आमच्या दाखल्यावर आहे.’

घरी येऊन राज्याची विमुक्त जातींची यादी पाहिली. तिच्यातील १४ नावांत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही दोन्ही आहेत. विमुक्त म्हणजे १८७१ मध्ये सुरू झालेल्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या जमाती; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण ‘भामट्याने गंडा घातला’ हा मथळा अजून सर्रास छापला जातो, आणि मीही तो शब्द आजवर बिनदिक्कत वापरत आलो. ते गृहस्थ चिडले असते, तर मला इतके ओशाळे वाटले नसते.

आता अडचण पर्यायाची आहे. खाऊ लपवणाऱ्या नातवालाही आपण कौतुकाने ‘लबाड’ म्हणतो, त्यामुळे आयुष्यभराची पुंजी लुटणाऱ्याला तो शब्द तोकडा पडतो. ‘चारसोबीस’ फारच बोलीतला. शिवाय १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम ४२० न राहता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, अर्थात त्यामुळे लोकांच्या तोंडचा शब्द बदलेल असे नाही. ‘तोतया’ मला सर्वांत नेमका वाटतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या माणसाला जो शब्द लागला, तो खोट्या पोलिसालाही चपखल बसतो. परंतु पत्रकाच्या उत्तरार्धात दामदुपटीच्या योजना विकणारे येतात. ते स्वतःच्याच नावाने फसवतात, त्यांना तोतया कसे म्हणावे? ‘ठक’ सुटसुटीत आहे, मात्र ‘ठकाला महाठक भेटला’ म्हणताना आपण त्याच्या हुशारीला थोडी दादच देत असतो.

‘फसवणूक करणारे’ हा शब्दप्रयोग निर्धोक खरा, पण एका पानात तो सात वेळा येतो आणि वाक्ये लांबतात. दोन्ही प्रकारांना लागू पडेल आणि सत्तरीच्या वाचकाला सहज कळेल, असा एखादा शब्द कोणी सुचवू शकेल का? तसेच, मूळ जातिनाम आधीचे की ‘फसवणारा’ हा अर्थ आधीचा, याविषयी जुन्या कोशांत काही आढळले असल्यास कृपया कळवावे. पत्रक गुरुवारी छपाईला द्यायचे आहे.